राखणीला ठेवलेल्याचा मुलगा घर सोडत नाही: दावा लावू की आठ लाख देऊ?

ताई,

वाचकांसाठी तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो. देवगड तालुक्यात सासऱ्यांचं चिऱ्याचं घर, लागून ४० गुंठ्यांत हापूसची कलमं. सातबारा आणि घराचा असेसमेंट (घरपट्टीचा) उतारा आता तुमच्या एकटीच्या नावे. सासऱ्यांनी राखणीला ठेवलेल्या गड्याचा मुलगा पडवीतून माजघरात आलाय आणि ८ लाख घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणतो. मोकळी जागा ४५ लाखांना जाईल. एक गिऱ्हाईक आहे त्या स्थितीत २२ लाख द्यायला तयार आहे. तुमच्या ठेवी ३० लाखांच्या. ‘माझ्याच घरासाठी मी त्याला पैसे का मोजू?’ असं तुम्ही विचारता.

राग रास्त आहे. तरी मी ८ लाखांच्या आत मिटवा म्हणेन, पण सातबाऱ्याची एक खात्री करून मगच.

कायद्याचं बळ तुमच्याकडे आहे. गोव्यातल्या एका घराच्या वादात (मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस प्रकरण, २०१२) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला जागेत हक्क मिळत नाही. ‘बारा वर्षं झाली, आता घर त्याचं’ हे गावात कोणीही ऐकवेल. त्याकडे लक्ष देऊ नका. ती बारा वर्षं मालकाच्या परवानगीने राहिल्याची नसतात, मालकाविरुद्ध उघड हक्क सांगून राहिल्याची असतात. हा मुलगा आता त्याच वळणावर आहे, म्हणून परवानगी रद्द केल्याची नोटीस वकिलामार्फत लगेच पाठवा. पक्कं बांधकाम काढू लागला तर तेही वेळीच अडवा. परवानगीवर विसंबून त्याने खर्चाने पक्कं काही उभारलं, तर ती परवानगी रद्द करणंच अवघड होतं.

खात्री करायची ती ‘कूळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्याची. जुने फेरफारही (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) काढा. तिथे त्याच्या बापाचं नाव कूळ म्हणून असेल, तर कलमांपुरतं माझं सगळं गणित बाद. कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्ट ठरवत नाही, तो मुद्दा तहसीलदारांकडे जातो आणि दावा तोवर लटकतो. नाव नसेल तर या हंगामाची ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावरची पिकाची ऑनलाइन नोंद) तुमच्या नावे नोंदवून घ्या.

आता आकडे. अपिलांसकट दावा दहा वर्षं चालला असं धरू. जमीन वर्षाला ४ टक्क्यांनी वाढली तर ४५ लाखांचे तेव्हा सुमारे ६६ लाख होतील. ठेवीवर ७ टक्के मिळतात असं धरलं, तर त्या ६६ लाखांची आजची किंमत साधारण ३४ लाख, म्हणजे आज एवढे ठेवीत टाकले तर दहा वर्षांनी तेवढेच होतील. वकील, तारखा, तुमच्या डोंबिवलीहून देवगडच्या खेपा यांचे ४ लाख वजा केले की ३० उरतात, तेही जिंकलात तर. आंब्याचं बुडालेलं उत्पन्न मी धरलेलंच नाही. मिटवलंत तर ४५ मधून त्याचे ८ जाऊन ३७ लाख याच वर्षी हातात. २२ लाखांच्या गिऱ्हाइकाला नमस्कार करा. तुमच्या घाईवर तो १५ लाख कमावू पाहतोय.

मात्र ८ लाख हा त्याचा पहिला आकडा आहे. तुम्ही ४ वरून सुरुवात करा. त्यासाठीच दावा दाखल करून ठेवायचा, आणि तडजोड लोकअदालतीत करायची: तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नसतं, भरलेली कोर्ट फीही परत मिळते. स्टँपपेपरवरच्या नुसत्या करारावर किंवा गावबैठकीतल्या शब्दावर एक रुपया देऊ नका. रोख तर नाहीच. घर रिकामं, चावी तुमच्या हातात, तेव्हा डिमांड ड्राफ्ट त्याच्या हातात.

या पैशासाठी ठेव मोडू नका. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून बँकेकडून उचल) घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एखाद टक्का जास्त पडतं आणि विक्री झाली की फेडून टाकता येतं. करासाठी खरेदीखतात घर आणि कलमांची जमीन यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. गाव नगरपंचायतीच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतराबाहेर असेल तर शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा कर नाही. घरावर आहे: १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांक धरून २० टक्के, यातला कमी पडेल तो. शिवाय शेतजमीन घेणारा शेतकरी खातेदार असावा लागतो, तेव्हा ४५ लाख बोलणाऱ्याचा स्वतःचा सातबारा आधी पाहा.