गॉर्डन मरे यांची टी.५०: ९८६ किलोंचा हिशेब

आपण यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून सेमिनारसाठी फॉर्म्युला वनचे माजी डिझायनर गॉर्डन मरे यांची टी.५० ही सुपरकार निवडली आहे, असे आपण लिहिले आहे. त्यावर आपल्या मार्गदर्शक सरांचा आक्षेप असा की, रिमाक नेवेरासारखी विजेवर चालणारी गाडी आज १,९१४ अश्वशक्ती देत असताना ६६३ अश्वशक्तीच्या, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी यंत्रणा) नसलेल्या आणि हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या गाडीत अभ्यास करण्याजोगे काय आहे. आणि मागे बसवलेला पंखा खरोखर काही काम करतो, की केवळ लक्ष वेधण्यासाठी आहे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गेली बावीस वर्षे मी पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या डिझाइनचे काम करतो आणि या गाडीची माहिती २०२० च्या ऑगस्टमध्ये तिचे अनावरण झाले तेव्हापासून आवडीने वाचत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सरांचा पहिला मुद्दा आधी मान्य करू या. सरळ रस्त्यावर, थांबलेल्या स्थितीतून सुटण्याच्या शर्यतीत, नेवेरा ही गाडी टी.५० ला मागे टाकेल आणि त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. मरे यांनी किती सेकंदांत किती वेग, किंवा सर्वाधिक वेग किती, असे कोणतेही लक्ष्य मुळात ठरवलेच नव्हते. त्यांनी पकडलेला आकडा वजनाचा होता. अनावरणाच्या वेळी टी.५० चे वजन ९८६ किलो जाहीर झाले. आपल्याकडच्या मारुती स्विफ्टचे वजन ९०० किलोच्या आसपास असते. म्हणजे बारा सिलिंडरचे इंजिन, तीन आसने, वातानुकूलन, संगीतयंत्रणा आणि २८८ लिटर सामानाची जागा असलेली ही गाडी एका लहान हॅचबॅकच्या वजनात बसवली आहे. विजेवर चालणाऱ्या त्या गाडीचे वजन दोन टनांच्या वर जाते.

वजनाला एवढे महत्त्व का, हे सेमिनारमध्ये गणितानेच मांडा. ताशी २४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २,२०० ज्यूल गतिज ऊर्जा असते आणि ब्रेक दाबून गाडी थांबवली की ती मुख्यतः ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. वजन दुप्पट असेल तर उष्णताही दुप्पट, म्हणून डिस्क मोठी, म्हणून चाक मोठे, म्हणून टायर रुंद, म्हणून सस्पेन्शनचे हात जाड, आणि या सगळ्यांचे वजन पुन्हा गाडीच्या वजनात जमा. वळणावर तर याहून वाईट घडते, कारण टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच वाढते. जड गाडीला वळणावर लागणारे बल मात्र वजनाच्या प्रमाणातच वाढते. अश्वशक्ती वाढवून हा तोटा भरून काढता येत नाही.

कागदावर हे सर्वांनाच पटते. प्रत्यक्षात वजन कसे वाढते, हे मी जवळून पाहिले आहे. एका प्रकल्पात पंप धरून ठेवणारा पोलादी ब्रॅकेट माझ्याकडे होता. पहिल्या नमुन्याचे वजन काट्यावर ४१० ग्रॅम भरले. मग कंपनाच्या चाचणीसाठी एक बरगडी वाढली, जुळणीच्या वेळी पाना नीट फिरावा म्हणून एक कान लांबला, दुसऱ्या मॉडेललाही हाच भाग चालावा म्हणून दोन छिद्रे आणि त्यांच्याभोवतीचा पत्रा आला. अंतिम ब्रॅकेट ५५० ग्रॅमचा झाला आणि प्रत्येक बदलाच्या वेळी बैठकीत कोणीतरी म्हणालेच, की चाळीस-पन्नास ग्रॅमने काय फरक पडतो. कोणाचेच चुकले नव्हते. गाडीत असे हजारो भाग असतात. मरे यांच्या चमूत दर आठवड्याला केवळ वजनाचा आढावा घेणारी बैठक होत असे, हे मी वाचले तेव्हा मला त्यातले कार्बन फायबर किंवा टायटॅनियम यांपेक्षा ती बैठकच अधिक मोलाची वाटली. कार्बन फायबरचा सांगाडा आणि बाहेरचे सर्व पॅनेल मिळून १५० किलोंच्या आत, चालकाचे आसन ७ किलो, बाजूची दोन आसने प्रत्येकी ३ किलो, समोरची काच नेहमीपेक्षा पातळ: हे आकडे एकेका भागाशी भांडूनच मिळतात.

आता इंजिन. नॉर्थॅम्प्टनच्या कॉसवर्थ कंपनीने या गाडीसाठी ३,९९४ घनसेंटिमीटरचे व्ही१२ इंजिन नव्याने तयार केले. त्याचे वजन १७८ किलो आहे, ते मिनिटाला ११,५०० फेऱ्यांना ६६३ अश्वशक्ती देते आणि त्याची मर्यादा १२,१०० फेरे प्रतिमिनिट आहे. सिलिंडरचा व्यास ८१.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६३.८ मिलिमीटर, यावरून आपण स्वतः हिशेब करा. एका सिलिंडरच्या वाट्याला अवघे ३३३ घनसेंटिमीटर येतात, म्हणजे मोटारसायकलच्या सिलिंडरएवढे. कमाल फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २५.७ मीटर निघतो. सिलिंडरची संख्या वाढवून धाव आखूड ठेवली, म्हणूनच एवढ्या फेऱ्यांनाही हा वेग आवाक्यात राहिला. हेच चार लिटर चार सिलिंडरांत विभागले असते तर या फेऱ्यांचा विचारही करता आला नसता.

पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून उलट फिरतो त्या क्षणी त्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या पाच हजार पटींहून अधिक असते. म्हणजे वर-खाली होणाऱ्या प्रत्येक १०० ग्रॅमला खाली खेचण्यासाठी कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यावर, अर्ध्या टनाहून जास्त ताण येतो. कनेक्टिंग रॉड आणि व्हॉल्व्ह टायटॅनियमचे का केले, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला साखळी किंवा पट्टा न लावता दातेरी चाकांनी फिरवले आहे, कारण एवढ्या फेऱ्यांना साखळीची फडफड व्हॉल्व्हची वेळ बिघडवते. तेलाची टाकी इंजिनाखाली न ठेवता ड्राय संप योजल्यामुळे क्रँकशाफ्ट इंजिनाच्या तळापासून फक्त ८५ मिलिमीटरवर बसला, आणि गाडीतला सर्वांत जड भाग जमिनीच्या तेवढा जवळ आला.

टर्बो का नाही, याचेही उत्तर इथेच मिळते. टर्बोमुळे अश्वशक्ती सहज वाढली असती. पण दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, त्याचे पाइप, वाढीव थंडाव्याची सोय असे वजन मागून आले असते आणि पायाखालचा पॅडल दाबणे व इंजिनाने उत्तर देणे यांत अंतर पडले असते. हे इंजिन निष्क्रिय फेऱ्यांपासून कमाल मर्यादेपर्यंत ०.३ सेकंदांत पोहोचते. फिरणाऱ्या भागांचे जडत्व किती कमी ठेवले असेल, याची कल्पना त्यावरून येते. एवढे उंच फिरणारे इंजिन गावातल्या रस्त्यावर मरगळलेले असेल अशी शंका येणे साहजिक आहे. मात्र कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४६७ न्यूटन-मीटर असून त्यातला ७१ टक्के भाग २,५०० फेऱ्यांनाच मिळतो. माझ्या मते या इंजिनातले सर्वांत अवघड काम १२,१०० फेऱ्यांचे नसून हेच आहे, आणि सेमिनारमध्ये व्हॉल्व्हच्या बदलत्या वेळेवर एक पान त्यासाठी जरूर राखून ठेवा.

पंख्याकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास सांगावा लागेल. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन येथे जन्मलेले मरे १९७८ मध्ये ब्रॅबम या फॉर्म्युला वन संघाचे डिझायनर होते. त्यांनी बीटी४६बी या गाडीच्या मागे गिअरबॉक्सच्या शक्तीवर फिरणारा मोठा पंखा बसवला, गाडीच्या कडांना जमिनीलगत पडदे लावले आणि खालची हवा अक्षरशः उपसून काढली. त्या वर्षी अँडरस्टॉर्प येथील स्वीडिश ग्रां प्रीमध्ये निकी लाउडा यांनी ती गाडी चालवून शर्यत जिंकली आणि त्यानंतर ती पुन्हा शर्यतीत उतरली नाही. टी.५० चा पंखा पाहून बहुतेकांना हीच गाडी आठवते आणि तिथेच गैरसमज होतो, कारण दोन्ही पंख्यांचे काम वेगळे आहे. रस्त्यावरच्या गाडीला जमिनीला टेकणारे पडदे लावता येत नाहीत. पहिल्याच गतिरोधकाला ते निघून येतील. पडद्यांवाचून खालची सगळी हवा उपसायची म्हटली तर बाजूंनी तेवढीच आत येत राहील.

टी.५० चा पंखा फक्त एका पातळ थराची हवा ओढतो. गाडीखालच्या अरुंद फटीतून हवा वेगाने जाते तेव्हा तिथला दाब घटतो आणि गाडी रस्त्याकडे खेचली जाते. मागच्या बाजूला तळ वर उचललेला असतो, त्याला डिफ्यूझर म्हणतात. तिथे हवा पसरून संथ होते आणि बाहेरच्या दाबाशी जुळते. डिफ्यूझर जितका जास्त वर उचलाल तितकी खालून अधिक हवा ओढली जाईल, पण एका मर्यादेनंतर ती पृष्ठभाग सोडून देते. घरी नळाची बारीक धार सोडून चमच्याची फुगीर बाजू तिला हलकेच लावून पाहा: धार चमच्याच्या वळणाला चिकटून वळते आणि चमचा धारेकडे ओढला जातो, वळण अति तीव्र केले की धार सुटते आणि ओढही जाते. या प्रयोगात पाण्याच्या पृष्ठताणाचाही वाटा असतो, त्यामुळे तो हुबेहूब नव्हे, पण हाताला कळण्यासाठी पुरेसा आहे. हवा सुटण्याचे मूळ असते पृष्ठभागालगतच्या, घर्षणाने मंदावलेल्या थरात. वाढत्या दाबाविरुद्ध पुढे सरकण्याइतका जोर त्या थरात उरत नाही, तो थांबतो, मग उलटा वळतो आणि वरची सगळी हवा त्याच्यासह भरकटते. टी.५० च्या डिफ्यूझरमध्ये तीव्र चढणीवरून हाच मंद थर नळ्यांवाटे पंख्याकडे ओढून घेतला जातो. उरलेली वेगवान हवा मग पृष्ठभागाला धरून राहते आणि एरवी निकामी ठरला असता असा चढ काम करू लागतो. मरे यांनी १९९२ च्या मॅक्लारेन एफ१ मध्ये दोन लहान पंख्यांनी याच कल्पनेचा प्रयोग केला होता. इथे तिला पूर्ण वाव मिळाला.

पंखा ४०० मिलिमीटर व्यासाचा आहे, ४८ व्होल्टची ८.५ किलोवॉटची मोटर त्याला ७,००० फेऱ्यांपर्यंत फिरवते. ब्रेक जोरात दाबल्यावर मागचे दोन फ्लॅप उघडतात, पंखा पूर्ण वेगाने फिरतो, रस्त्याकडे खेचणारे बल दुप्पट होते आणि ताशी २४० किलोमीटरवरून थांबताना १० मीटर अंतर वाचते. सरळ रस्त्यावर याच्या उलट योजना आहे: डिफ्यूझरमधली ओढ थांबवून पंखा मागे वेगाने हवा सोडतो, गाडीमागची पोकळी भरून निघते आणि हवेचा रोध १२.५ टक्क्यांनी घटतो. लांब शेपटीच्या गाडीला जो लाभ मिळतो तो शेपूट न वाढवता मिळाला. आता या गाडीचे बाह्यरूप पुन्हा पाहा. तिच्यावर उंच विंग नाही, पुढे धारदार पाती नाहीत. ती ४,३५२ मिलिमीटर लांब आणि १,८५० मिलिमीटर रुंद आहे. पंख्याने तळाशी काम केले, म्हणून वरचा पृष्ठभाग स्वच्छ राहिला. आपल्या सरांना माझे उत्तर हेच, की इथे सौंदर्य आणि वायुगतिकी एकाच निर्णयातून आली आहेत, आणि हा निर्णयच या गाडीतले नवे अभियांत्रिकी आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. चालक मधोमध बसतो, त्यामुळे पॅडल सरळ पायासमोर येतात आणि दोन्ही बाजूंची कड सारखीच दिसते. एक्स्ट्रॅक या कंपनीचा सहा गतींचा गिअरबॉक्स ८०.५ किलोंचा आहे. पुढचे टायर २३५ आणि मागचे २९५ मिलिमीटर रुंद असून ते बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत. या वर्गातल्या गाड्यांना पुढेही याहून बरेच रुंद टायर लागतात, हे लक्षात घेतले की वजनाचा लाभ कुठवर पोहोचला ते कळते.

एक आक्षेप मलाही आहे. अनावरणाच्या वेळी जाहीर झालेली, करांव्यतिरिक्त २३.६ लाख पौंड किंमत आणि केवळ १०० गाड्या, यांमुळे यांतल्या बहुतेक गाड्या गॅरेजमध्येच झाकून राहतील अशी मला भीती वाटते. ज्या गाडीच्या प्रत्येक भागाचा विचार वळणावळणाच्या रस्त्यासाठी केला, तिच्या बाबतीत हे मनाला लागते.

सेमिनारसाठी पंख्याचा भाग घ्यावा, असे मी सुचवीन, कारण तो महाविद्यालयात करून दाखवता येतो. प्लायवुडचा एक उतार तयार करा, त्याचा कोन बदलता येईल अशी बिजागरी लावा आणि पृष्ठभागावर लोकरीचे बोटभर धागे ओळीने चिकटवा. विंड टनेलमध्ये कोन हळूहळू वाढवत न्या. एका कोनाला मागचे धागे फडफडू लागतील आणि मग उलटे वळतील. तो कोन वहीत नोंदवा. आता उतार जिथून सुरू होतो तिथे दोन-तीन मिलिमीटरची आडवी फट पाडून तिच्यामागे घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी घट्ट बसवा, नळीच्या जोडाच्या कडा टेपने बंद करा आणि तोच कोन ठेवून यंत्र सुरू करा. फट योग्य जागी असेल तर उलटे वळलेले धागे पुन्हा आडवे होऊन पृष्ठभागाला चिकटतील. पहिल्या खेपेला तसे झाले नाही तर फट दहा-दहा मिलिमीटर पुढे-मागे सरकवून पाहा, आणि प्रत्येक वेळचा फोटो जपून ठेवा.