गंजलेली तिपाई घासू का?

प्रश्न : चोरबाजारातून जुन्या मशीनगनची लोखंडी तिपाई घेतली. सांधे धरलेत, पापुद्रे सुटतायत. ग्राइंडर मारू का? – एक वाचक, माझगाव

उत्तर : अहो, ग्राइंडर अजिबात नको! ब्रिटिश बनावटीची असेल तर कुठेतरी बाणाचा ठसा, साल, नंबर असेल. चकती फिरली की ते गेलं, मग उरलं भंगार. गोदीत फिटर होतो, अशी माती झालेली पाहिलीय.

पापुद्रे वायर ब्रशने पाडा. सांध्यांत रोज थोडं डिझेल सोडा, हातोडीने हलकं ठोका. पान्याला पाइप लावून जोर केलात तर बोल्टचं डोकं हातात येईल. पितळी भाग काढून ठेवा.

मग उरलेला गंज विजेने सोडवायचा, तिपाई पाण्यात बुडवून: प्लास्टिकच्या पिंपात पाणी, दर ५ लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह तिपाईला, पॉझिटिव्ह त्याच पाण्यात सोडलेल्या साध्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेस स्टील नको, विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो, म्हणून गच्चीतच करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय हात घालू नका.

बाहेर काढली की आपल्या दमट हवेत बघता बघता तांबूस झाक चढते. वाळवून लगेच रेड ऑक्साइड मारा. पावसाळ्यात हे काम मी तरी घेणार नाही.

आणि हो, १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांचे सुटे भागही येतात. पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या.