शेजारणीची गोळी मला चालेल का?

प्रश्न : वय ६६. बरीच वर्षं रात्री अल्प्राझोलाम ०.५ घेते, तरी हल्ली पहाटे तीनलाच जाग येते. शेजारच्या वहिनी झोल्पिडेम १० घेतात, पडल्या पडल्या घोरतात. मुलगा मेलाटोनिन आणतो म्हणतो. यातली चांगली आणि सुरक्षित कोणती? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : काकू, झोल्पिडेमने डोळा पटकन लागतो, पण तिचा असर काही तासांतच उतरतो. तुमचं दुखणं तीनच्या जागेचं, तिथे ती फारशी कामाची नाही. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये बायकांचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. झोपेतच उठून चालणं, गॅस पेटवणं असेही प्रकार हिच्याने झालेले आहेत. वहिनींनाही हे वाचायला द्या.

अल्प्राझोलाम मुळात घबराटीवरची गोळी. रोज घेतली की शरीर तिला सरावतं. मग झोपही नाही आणि गोळीही सुटत नाही. पण उद्यापासून बंद करू नका! एकदम सोडली तर झोप पार उडते, हातपाय कापतात, क्वचित झटकेही येतात. डोस डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या, महिने लागले तरी चालेल.

२०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात झोपेच्या औषधांच्या १५४ चाचण्या एकत्र तोलल्या गेल्या, त्यात इझोपिक्लोन ही झोपेची गोळी वरच्या रांगेत होती (तोंड मात्र कडू पडतं). तरी तुम्हाला मी तीही सुचवणार नाही. तुमच्या वयात खरी भीती पडण्याची. रात्री लघवीला उठायचं, डोक्यात गुंगी, मोरीत पाणी सांडलेलं. पाय सरकला की खुब्याचं हाड गेलंच. क्लोनाझेपाम ही अल्प्राझोलामच्याच जातीची गोळी तर दुसऱ्या दिवशीही अंगात असते.

मेलाटोनिनची सवय लागत नाही, पण त्याने झोप लागते जरा लवकर, इतकंच. तीनची जाग त्याने जाईल असं वाटत नाही.

दुपारी कूलरसमोर किती वेळ झोपता, ते तुम्ही लिहिलंच नाही! नागपूरच्या मे महिन्यात दोन तास सहज जातात आणि ते रात्रीतूनच वजा होतात. अर्ध्या तासावर आणा, संध्याकाळी पाचनंतर चहा नको. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, उठायची वेळ मात्र रोज एकच. या शिस्तशीर उपचाराला सीबीटी-आय म्हणतात, जुन्या निद्रानाशावर आधी हाच करतात. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. जाताना बीपी-शुगरच्या गोळ्यांसकट सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.