विकसनशील देशात नर्सिंग व्यवसाय बळकट करायचा तर धोरणात आधी काय बदलावं?
आधी मंजूर पदं भरा. नवी कॉलेजं काढणं सोपं, पण पगाराची तरतूद नसेल तर शिकलेल्या नर्स घरी बसतात किंवा परदेशी जातात. मग प्रत्येक पाळीत एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण, हे नियमातच लिहा. महिन्याची सरासरी धरली की रात्रपाळीची टंचाई झाकली जाते. युरोपातल्या ९ देशांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली. नर्सच्या नोंदणीचं ठरावीक मुदतीनं नूतनीकरण सक्तीचं करा, नाहीतर देशात किती नर्स आहेत हे मोजताना निवृत्त आणि देश सोडून गेलेल्या नर्सही मोजल्या जातात. आणि बढती रुग्णसेवेत राहूनच मिळायला हवी. बऱ्याच ठिकाणी बढती म्हणजे निव्वळ कागदपत्रांचं टेबल असतं.