हँडबिलावर साल नसेल तर? नाट्यसंशोधनाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरातल्या जुन्या ट्रंकेत एका संगीत नाटकाचं हँडबिल सापडलं. वार, तारीख आणि तिथी छापली आहे, साल मात्र नाही. ते कोणत्या वर्षाचं, हे ठरवता येईल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : येईल. तिथी आहे म्हणजे निम्मं काम झालंच. नुसत्या वार-तारखेवर मात्र विसंबू नका. तीच तारीख त्याच वारी बहुधा ५, ६ किंवा ११ वर्षांनी परत येते. 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. तो रविवार होता. पण १८६९, १८७५, १८८६ आणि १८९७ सालीही ३१ ऑक्टोबरला रविवारच होता. आता चंद्र पाहा. १८८० साली ही तारीख अमावास्येच्या तोंडावर येते. १८७५, १८८६ आणि १८९७ साली ती शुद्ध पक्षात पडते, म्हणजे ही तिन्ही सालं बाद. राहिलं १८६९. तिथेही वद्य पक्षच आहे, पण अमावास्या चार दिवस लांब. ११ वर्षांच्या अंतराने तिथी अशी एक-दोन घरंच सरकते आणि संशोधक नेमका इथेच चकतो. म्हणून 'साधारण जुळतेय' एवढ्यावर थांबू नका.

प्रत्यक्षात असं करा. कंपनीचं नाव आणि नटांची नावं यांवरून ५०-६० वर्षांचा टप्पा आखा. त्यात तो वार बसणारी आठ-नऊ सालं निघतील. प्रत्येक सालाची तिथी जुन्या पंचांगात किंवा जंत्रीत पाहा. पंचांगावर इसवी सनाऐवजी शालिवाहन शक असेल, तर इसवी सन काढण्यासाठी शकाच्या आकड्यात चैत्र पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. अधिक महिना तपासायला विसरू नका. आणखी एक अडचण म्हणजे नाटक रात्रीचं, पण पंचांगातली तिथी सूर्योदयाची. त्यामुळे एका दिवसाचा फरक आला तर लगेच साल बाद करू नका, दुसरा पुरावा शोधा.

तो पुरावा बऱ्याचदा हँडबिलाच्या तळाशी असतो. छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण असलंच पाहिजे, असं १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात बंधन घातलं होतं. छापखाना कधीपासून कधीपर्यंत चालू होता हे कळलं की टप्पा आणखी आखूड होतो. ही बारीक ओळ कोणी कातरून टाकली असेल तर फार मोठं नुकसान झालं असं समजा.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं. हँडबिल हा प्रयोग जाहीर झाल्याचा पुरावा आहे, झाल्याचा नव्हे. मुख्य नटाचा आवाज बसतो, पाऊस कोसळतो, प्रयोग पुढे ढकलला जातो. त्यामुळे पुढच्या आठवड्याची वर्तमानपत्रं चाळायलाच हवीत. मुंबईच्या प्रयोगांसाठी 'इंदुप्रकाश'बरोबर 'मुंबई समाचार' हे गुजराती पत्रही पाहा. ग्रँट रोडच्या थिएटरांत पारशी आणि मराठी कंपन्या दोन्ही खेळत. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा १९२१ सालचा 'संयुक्त मानापमान'सुद्धा तिथल्या बालीवाला थिएटरात झाला. गुजराती वाचता येत नसेल, तर निदान नाटकांच्या जाहिराती ओळखण्यापुरती लिपी शिकून घ्या. हे काम मराठी पत्रांपुरतं ठेवलं तर मुंबईच्या रंगभूमीचा अर्धा इतिहास हातून निसटतो.

प्रश्न : नाटकाच्या पुस्तकावर 'आवृत्ती पहिली' आणि साल आहे. तेच पहिल्या प्रयोगाचं साल मानावं का?
– एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : मानू नये. शाकुंतलाच्याच पहिल्या रात्री पहिले चार अंक झाले, सातही अंक नंतर उभे राहिले. पुस्तकावरच्या एका सालातून हे कसं कळणार? पुस्तकाची माहिती हवी असेल तर मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक ग्रंथसूची पाहा. त्याच १८६७ च्या कायद्याखाली त्या निघत. प्रकाशनाची तारीख, पृष्ठसंख्या, छापलेल्या प्रती, किंमत, मुद्रक, हे सगळं त्यांत मिळतं. इंग्रजी लिपीत मराठी नावं वेडीवाकडी लिहिलेली असतात, तेव्हा एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. नाटकावर बंदी आली असेल, तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या फाइली मागवा. नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा १८७६ चा. 'कीचकवध' रंगमंचावर आलं १९०७ साली आणि बंदी आली १९१० साली. मधल्या काळात काय घडलं, ते नाटकाच्या पुस्तकात सापडणार नाही.

प्रश्न : नाट्यपदांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या आहेत. त्यांवरून त्या काळची गायकी अभ्यासता येईल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : गायकी, हो. प्रयोगातलं पद किती वेळ चालायचं, हे मात्र नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून पद आखडून गायलं जाई. रंगमंचावर 'वन्स मोअर' आला की तेच पद कितीतरी लांबे. आवाजाच्या पट्टीबद्दलही घाईने निष्कर्ष काढू नका. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ च्याच गतीने ध्वनिमुद्रित झालेल्या असतात असं नाही, आणि गती चुकली की स्वर चढतो किंवा उतरतो. वाजवताना एलपीची सुई लावू नका. ती सुमारे २५ मायक्रॉनची असते, ७८ ला ७५ च्या आसपासची लागते. बारीक सुई खोबणीच्या तळाला घासते आणि खरखर वाढते. तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, त्यात तबकडीतली लाख विरघळते. थोडं ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी आणि मऊ कापड पुरेसं आहे. पुसताना मधल्या कागदी लेबलावर पाणी जाऊ देऊ नका, आणि लेबलालगत कोरलेला क्रमांक वहीत उतरवून ठेवा. तबकडीचा काळ ठरवताना तो लेबलावरच्या मजकुरापेक्षा जास्त उपयोगी पडतो.