लोकसंगीताच्या बैठकीत नेमके काय ऐकावे?

आपण सोलापुरात नव्याने राहायला आला आहात, रागतालाचे शिक्षण झालेले नाही, आणि तरीही इथल्या लोककला मंडळाच्या संध्याकाळच्या बैठकीत मन रमेल का, असे आपण विचारले आहे. अवश्य रमेल. फक्त वादकांच्या जवळ बसावे आणि मुख्य गायकाइतकेच मागे उभे राहून गाण्याची साथ करणाऱ्या झीलकऱ्यांकडे लक्ष द्यावे, एवढे मी आवर्जून सुचवीन.

आमच्या भागातील अशा बैठकांना मी बरीच वर्षे जात आहे. थोडे आधी पोहोचलात, तर अंगणात कागद पेटवून त्यावर हलगी शेकत असलेला वादक दिसेल. ऊब लागली की चामडे ताणले जाते आणि आवाज खणखणीत निघतो. दमट हवेत मात्र ते लवकर सैल पडते, म्हणून मध्येच उठून पुन्हा शेकावे लागते. तुणतुण्याला तार एकच असते. खुंटी पिळून ती गायकाच्या पट्टीत लावली, की पुढे सूर आणि लय या दोन्हींचा आधार तीच देते.

शाहिरी असेल, तर शाहीर कथा ऐन प्रसंगावर आणून सोडतो आणि झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत ती उचलून धरतात. तेवढ्या अवधीत शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. झीलकरी ढिले पडले, तर चांगल्या शाहिराचाही पोवाडा रंगत नाही. गोंधळात आधी तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा अशा देवतांना नावानिशी पाचारण होते आणि त्यानंतर संबळाच्या साथीने आख्यान लागते. कलगी-तुऱ्यात तुरेवाले शिवाची आणि कलगीवाले शक्तीची बाजू मांडतात. तिथे चालीपेक्षा सवाल कसा घातला आणि जबाब कसा आला, हे ऐकण्यातच खरी गोडी आहे.

लावणी आणि कीर्तन या दोन्हींत नाव मिळवलेले, मोरोपंतांची कविता कीर्तनातून लोकांपर्यंत नेणारे शाहीर रामजोशी याच शहराचे होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आवाज दणाणून सोडणारे अमर शेख आपल्या जिल्ह्यातील बार्शीचे होते. शिवाय ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातील वचने कन्नडमध्ये असल्याने, भारुडानंतर एखादे कन्नड भजन सुरू झाले तर नवल वाटू देऊ नका. अर्थ कळला नाही, तर शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा. इथली माणसे तो आनंदाने सांगतात.

अशा बैठकांच्या जाहिराती सहसा लागत नाहीत. ढोलकी, पखवाज मढवून देणाऱ्या एखाद्या कारागिराकडे चौकशी करावी, कारण कोणत्या मंडळाने कार्यक्रमासाठी वाद्ये दुरुस्तीला टाकली आहेत, हे त्याला ठाऊक असते.