डेक्कन क्वीनचे डबे एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या १/८७ आकारात) घरी बनवायचे आहेत. मापं कुठून मिळवू आणि सुरुवात कशी करू?

मापांच्या आधी एक गोष्ट ठरवा: कोणत्या वर्षाची डेक्कन क्वीन? १ जून १९३० ला गाडी सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक (जोडलेल्या डब्यांचे संच) होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेषा. अंडरफ्रेम इंग्लंडहून आलेल्या, वरची बॉडी जीआयपी रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधलेली. १९६६ मध्ये पेरांबूरच्या आयसीएफ कारखान्याचे पोलादी डबे आले आणि रेक बारा डब्यांचा झाला. १९९५ मध्ये एअर ब्रेकचे डबे लागले, गाडी सतरा डब्यांची झाली. जून २०२२ पासून एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्यांचा रेक धावतोय. नाव एकच असलं तरी मॉडेल करणाऱ्यासाठी या चार वेगळ्या गाड्या आहेत. वर्ष न ठरवता केलेल्या रेकमध्ये खिडक्या एका काळाच्या आणि रंग दुसऱ्याच काळाचा असं होतं, आणि ते नंतर सुधारता येत नाही.

माझा सल्ला १९९५ ते २०२२ या काळातल्या रेकचा. त्याचे दोन्ही बाजूंनी घेतलेले भरपूर फोटो मिळतात, आणि आयसीएफ डब्याची मूळ मापं पक्की माहीत आहेत. बॉडीची लांबी २१,३३७ मिमी, रुंदी ३,२४५ मिमी, दोन बोगींच्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट) मध्यबिंदूंमधलं अंतर १४,७८३ मिमी, बोगीतल्या दोन आसांमधलं अंतर २,८९६ मिमी, नव्या चाकाचा व्यास ९१५ मिमी. ८७ ने भागलं की अनुक्रमे २४५, ३७.३, १७०, ३३.३ आणि १०.५ मिमी. ही पाच मापं एका कार्डावर लिहून कामाच्या टेबलावर चिकटवून ठेवा. अंडरगिअरच्या, म्हणजे डब्याखालच्या यंत्रणेच्या तपशिलासाठी ग्वाल्हेरच्या कॅमटेक या रेल्वेच्याच संस्थेची देखभाल मॅन्युअल्स पाहा; त्यातल्या आकृत्या मॉडेलसाठी काढलेल्या नसल्या तरी फार उपयोगी पडतात.

बाकीची मापं फोटोवरून काढायची. हा रेक आता धावत नाही, म्हणून दुसऱ्या गाडीचा आयसीएफ डबा गाठा आणि त्याच्या बरोबर समोर, जमेल तितक्या लांबून, झूम लावून फोटो घ्या. जवळून वाइड अँगलने घेतलेल्या फोटोत कडेच्या खिडक्या ताणल्या जातात. मग कॉम्प्युटरवर बॉडीची लांबी पिक्सेलमध्ये मोजा. ती २१,३३७ मिमी आहे हे माहीत आहेच, म्हणजे खिडकीची रुंदी, दरवाजा, पट्ट्याची उंची सगळं त्रैराशिकाने निघतं. छपरासाठी स्टेशनच्या पादचारी पुलावरून फोटो घ्या. व्हेंटिलेटर किती आणि कुठे आहेत हे प्लॅटफॉर्मवरून कधीच नीट कळत नाही, आणि मॉडेल तर आपण बहुतेक वेळा वरूनच बघतो.

फोटोत डब्याचा नंबरही वाचा. पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात आणि शेवटचे तीन प्रकार: १५१ ते २०० एसी चेअर कार, ६०१ ते ७०० सेकंड क्लास सिटिंग. म्हणजे ९४६१२ हा १९९४ चा सेकंड सिटिंग डबा. एखादा फोटो आपल्या काळातला आहे की नाही, हे ताडायला याहून सोपी खूण नाही. डायनिंग कारचे मात्र दोन्ही बाजूंचे फोटो जमल्याशिवाय कटरला हात लावू नका. तिच्यात किचन आणि टेबलं एकाच डब्यात आहेत, त्यामुळे एक बाजू बघून दुसरी ओळखता येत नाही. या गाडीची खरी शान तोच डबा आहे, त्याला वेळ द्याच.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अडाल तिथेच. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी, म्हणजे एचओमध्ये १९.३ मिमी हवा. बाजारात मिळणारा एचओ ट्रॅक १६.५ मिमीचा, कारण तो स्टँडर्ड गेजवर बेतलेला आहे. मी बॉडी आणि बोगीच्या बाहेरच्या फ्रेम अचूक रुंदीच्या ठेवतो आणि चाकं तेवढी १६.५ वर बसवतो. बाजूने बघताना फरक जाणवत नाही, आणि विकतचा ट्रॅक, पॉइंट (रूळ बदलण्याचे सांधे), इंजिनं सगळं चालतं. स्वतःचा १९.३ मिमी ट्रॅक घालणं फार सुंदर दिसतं, पण पहिल्याच रेकला ते करू नका.

बांधणीत सगळं यश खिडक्यांवर आहे. आतून १ मिमी, बाहेरून ०.५ मिमी जाडीची स्टायरीन (प्लास्टिक) शीट आणि मधे पारदर्शक ओएचपी शीट असं तीन थरांचं काम केलं की काच किंचित आत गेलेली दिसते. खिडक्या कापून होईपर्यंत शीटमधून बाजूची पट्टी वेगळी करू नका. अरुंद पट्टी कापताना वाकते. प्रत्येक खिडकीच्या चार कोपऱ्यांना आधी बारीक ड्रिल मारा, मग कोपऱ्यापासून मध्याकडे कटर हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. एका दमात दाबून कापलं की कड फुगते आणि रंग दिल्यावर ती हमखास दिसते. सेकंड क्लासच्या खिडक्यांचे गज लवचिक वायरच्या आतल्या तांब्याच्या तारांचे करा. तार दोन पकडींत धरून हलकेच ओढली की सुतासारखी सरळ होते.

सतरा डबे म्हणजे सव्वाचार मीटर लांबी. घरच्या लेआउटवर (रुळांच्या मांडणीवर) सहा पुरतात: दोन टोकांना गार्डचे, मधे दोन सेकंड क्लास, एक एसी चेअर कार आणि डायनिंग कार. वळणाची त्रिज्या निदान ६१० मिमी ठेवा. ४५७ मिमीच्या वळणावर हा डबा मध्यभागी जवळपास ८ मिमी आत आणि टोकांना साडेआठ मिमी बाहेर जातो, शेजारच्या रुळावरची गाडी घासते. लांब डबे वळणावर कसे दिसतात हे बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात जा आणि चालू लेआउटच्या वळणापाशीच उभे राहा.

वजनाचा नियम एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे हौशींच्या संघटनेचा: एक औंस, अधिक प्रत्येक इंच लांबीला अर्धा औंस. आपल्या डब्याला ते सुमारे १६५ ग्रॅम होतं. स्टायरीनचा डबा त्याहून बराच हलका भरतो, म्हणून छप्पर चिकटवण्याआधी फरशीवर दोन्ही बोगींच्या मधल्या भागात लोखंडी पट्टी बसवून घ्या.